पटावरची मुले

कारखाना आला की वस्ती वाढते, हे आपण जाणतोच. त्या वस्तीचा खरा हिशेब मात्र प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर वाचता येतो.

पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी वसली. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, 1982 साली महानगरपालिका झाली. 2001च्या जनगणनेत सुमारे 10 लाख असलेली शहराची लोकसंख्या 2011मध्ये 17 लाखांवर गेली. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण तेव्हा 41 हजारांचे गाव होते. मोटारींचे मोठमोठे कारखाने तिथे आले, पण नगरपरिषद झाली ती 2015 साली.

आधी साताऱ्या-सोलापूरची आणि मराठवाड्याची माणसे आली, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची. जुन्या कायम कामगाराला पगाराची शाश्वती होती. त्याचे मूल पहिलीत जाई ते त्याच शाळेतून सातवी होऊन बाहेर पडे. आजचा कंत्राटी कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. कंत्राट संपले की खोली सुटते आणि खोलीबरोबर शाळाही सुटते.

आता शाळेचे अर्थकारण पाहा. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरण्याची रीत आहे. यालाच संचमान्यता म्हणतात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंत 60 मुलांना दोन शिक्षक, 61 ते 90 मुलांना तीन. समजा, त्या दिवशी पटावर 60 मुले होती आणि दिवाळीनंतर 15 नवी आली. गरज तीन शिक्षकांची, मंजुरी दोघांची. ती 15 मुले वर्गात बसतात, पण हिशेबात बसत नाहीत.

कायदा मुलाच्या बाजूने आहे. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवलेच पाहिजे. हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते, आणि कामावरचा खाडा परवडत नाही म्हणून ते दुसऱ्यांदा विचारायला येत नाहीत.

राहिली भाषा. घरी दखनी आणि शाळेत मराठी, ही कसरत माझ्या पिढीतील कितीतरी मुसलमान मुलांनी केली आहे. पण आमच्या कानांवर मराठी गल्लीतच पडत होती. भोजपुरी किंवा उडिया बोलणारे मूल थेट तिसरीच्या बाकावर येऊन बसते, तेव्हा पुस्तकाआधी त्याच्याशी बोलायला कुणीतरी लागते. तेवढी सवड दोन शिक्षकांना 75 मुलांत कुठून मिळणार?

म्हणून औद्योगिक पट्ट्यात तरी जानेवारीत दुसरी पटमोजणी व्हावी आणि तेवढ्या मुदतीसाठी जादा शिक्षक मिळावा. आपल्याकडूनही एक काम होण्यासारखे आहे. शेजारच्या खोलीत नवे बिऱ्हाड आले, तर मूल शाळेत जाते का, एवढे विचारावे. जात नसेल तर त्याच्या आईबरोबर शाळेपर्यंत चालत जावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)