देशभक्तिगीत शास्त्रीय असते का?

ऑगस्ट आणि जानेवारी या दोन महिन्यांत देशभर शालेय गायनस्पर्धांना बहर येतो. गुवाहाटी असो वा कोची, चित्र साधारण सारखेच असते. बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा व्यासपीठावर येतो, रागावर आधारलेले देशभक्तिगीत एकट्याने, निर्मळ स्वरात गातो आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. मग आयोजकांपुढे प्रश्न पडतो, की हे गायन ‘शास्त्रीय’ गटात धरायचे की ‘सुगम’ गटात? वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे. परंतु शासकीय सेवेत असताना अशा काही निवड समित्यांवर मी बसलो आहे, आणि या एका शब्दावर मुलांची वाट कशी बदलते हे जवळून पाहिले आहे.

केंद्र सरकारची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १९८२पासून दिली जाते आणि ती साधारण १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. तेथे हिंदुस्थानी किंवा कर्नाटक गायनासाठी अर्ज करणाऱ्या मुलाकडून त्या पद्धतीच्या तालमीची अपेक्षा असते. स्पर्धेत देशभक्तिगीताला ‘शास्त्रीय’ म्हणून पहिला क्रमांक मिळालेला मुलगा अशा परीक्षकांपुढे बसतो, त्याला एखाद्या रागाची बढत करायला सांगितले जाते आणि तो गप्प होतो. आपण नेमके कोठे कमी पडलो, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

इतिहास या बाबतीत बराच स्पष्ट आहे. ‘वंदे मातरम्’चेच उदाहरण घ्या. ‘आनंदमठ’ १८८२मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा कादंबरीतच या गीतासाठी मल्हार रागाचा उल्लेख होता. १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायिले. त्यांनी बांधलेली चाल देस रागातली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते काफीत रूढ केले. मास्तर कृष्णरावांनी झिंझोटीत चाल बांधली आणि ती राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली जावी यासाठी दिल्लीपर्यंत खटपट केली. पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी १५ ऑगस्ट १९४७च्या सकाळी आकाशवाणीवरून हेच गीत गायिले. शब्द एकच, राग मात्र अनेक. याचा अर्थ, शास्त्रीयता शब्दांत नसते.

मग ती रागात असते काय? केवळ रागातही नाही. १९२३च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, तरी पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण केले. त्या सभेत ते रागविस्तार करण्यासाठी उभे नव्हते. गायक शास्त्रीय होता, चाल रागातली होती, आणि तरीही ते गायन मैफलीतला ख्याल नव्हते. त्यामुळे त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही.

दक्षिणेने हा पेच अधिक सहजपणे सोडवला आहे. सुब्रह्मण्य भारतींनी आपल्या अनेक गीतांना स्वतःच राग-ताल नेमून दिले होते. डी. के. पट्टम्मळ यांनी ती गीते कर्नाटक संगीताच्या कचेरीत प्रतिष्ठेने आणली. पण कचेरीचा एक क्रम असतो. विस्तृत आलापना आणि तनि आवर्तन यांच्यासह मुख्य कृती होते, आणि त्यानंतर ‘तुक्कडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या रचना येतात. भारतींची गीते बहुधा या उत्तरार्धात गायिली जातात. तेथे त्यांचा मान राहतो आणि मुख्य कृतीशी त्यांची गल्लतही होत नाही.

वयाचा मुद्दा वेगळा आहे. बालवय शास्त्रीय गायनाच्या आड येत नाही. बालमुरलीकृष्णांनी वयाच्या दहा वर्षांच्या आतच कचेरी गाजवली होती. कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत आणि त्या गुणावर देशभर नावाजले गेले. तरीही त्यांना मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवण्यात आले. अनुकरणाचे कौतुक आणि विद्येची पायाभरणी यांतला फरक त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ओळखला होता. मुलांचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास फुटतो. ज्याचे सारे यश बालस्वराच्या गोडव्यावर उभे आहे, त्याच्या हाती त्यानंतर काय उरते, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी करायला हवा.

आपल्या कायद्यांतही हा शब्द असाच सैल आहे. लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारांतील सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपेक्षा अधिक नसेल, तर कलावंताला २०१७पासून वस्तू व सेवा करातून सूट आहे. मात्र ‘शास्त्रीय’ म्हणजे काय, याची व्याख्या त्या अधिसूचनेत नाही. शाळकरी मुलाला या कराशी कर्तव्य नसते. परंतु व्याख्येवाचून सवलती दिल्या की निर्णय त्या-त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोपवला जातो, हे मी सेवेत वारंवार अनुभवले.

देशभक्तिगीताबाबत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. अशा गीताला कमी गुण देताना परीक्षकाचा हात अडखळतो. स्वर ढळला असे म्हणावे, तर विषयाचा अवमान केल्यासारखे दिसेल अशी धास्ती असते. या भिडेपोटी दिलेले गुण मुलाच्या हिताचे नसतात आणि देशभक्तीच्याही.

उपाय साधे आहेत. अर्जात विषय, गायनपद्धती आणि वयोगट असे तीन स्वतंत्र रकाने असावेत. देशभक्ती हा विषय आहे, शास्त्रीय ही पद्धती आहे, बालगायक हा वयोगट आहे. यांपैकी एकावरून दुसरे ठरवू नये. शास्त्रीय गटात येणाऱ्याने काही मिनिटे तरी आलाप आणि लयकारी दाखवावी. बंदिशीचा आशय भक्तीचा असो, शृंगाराचा असो वा देशप्रेमाचा. निश्चित चालीत बांधलेले गीत सुगम गटात जावे आणि त्या गटाची पारितोषिके व शिष्यवृत्त्या तितक्याच भरघोस असाव्यात. सुगम गट दुय्यम मानला जातो, म्हणूनच पालक मुलाला ‘शास्त्रीय’च्या रांगेत उभे करतात.

माझे उत्तर म्हणून असे आहे, की बालगायकाने गायिलेले देशभक्तिगीत बहुतेक वेळा शास्त्रीय नसते आणि ते तसे असण्याची गरजही नाही. मात्र ते उत्तम गाणाऱ्या मुलाला चांगला गुरू मिळवून देणे, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. प्रमाणपत्रावर चुकीचा शब्द छापून ती पार पडत नाही.