पडद्यावरची बाई का लढते?

हप्त्यांचा हिशेब झाला की आमच्या बचत गटाची बैठक हमखास सिनेमावर घसरते. घणसोली असो की तुर्भे, सगळीकडे तेच. मागच्या वेळी मारामारी करणाऱ्या नायिकांचा विषय निघाला. एकीने विचारलं, "सिनेमातल्या बाईने हात उचलायला आधी कुणीतरी तिचं वाटोळं करावंच लागतं का?" आज त्यावरच बोलू या.

१९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नाडिया मुखवटा घालून, हातात चाबूक घेऊन गुंडांना बदडायची. उड्या-कसरती सगळ्या स्वतःच करायची. पण ती राजकन्या. लढली बापासाठी नि प्रजेसाठी.

पुढच्याच वर्षी पुण्याच्या प्रभातने 'अमर ज्योती' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका आपल्या दुर्गाबाई खोटे. त्यातली सौदामिनी समुद्रावरच्या लुटारूंची म्होरकी होते. का, तर पोटच्या मुलाचा ताबा राज्याचा कायदा तिला देत नाही. नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा, आणि भांडण मुलाच्या ताब्याचं! आमच्यातल्या काहीजणी आजही याच कामासाठी कोर्टाच्या तारखांना जातात. ही गोष्ट सांगितली तेव्हा बैठक गप्पच झाली.

मग आले सूडाचे सिनेमे. १९८७चा एन. चंद्रांचा 'प्रतिघात', १९८८चा 'जख्मी औरत'. आधी अत्याचार, मग हत्यार. 'जख्मी औरत'मधली डिंपल कपाडिया तर स्वतः पोलीस, तरी तिलाही त्यातून जावंच लागलं. अत्याचार दाखवताना कॅमेरा कसा रेंगाळायचा, ते आठवा. आमचं मत स्पष्ट आहे: तिकीट त्या दृश्याचंही विकलं जात होतं.

२०१४च्या 'मर्दानी'त हे बदललं. राणी मुखर्जीची शिवानी शिवाजी रॉय मुंबईच्या क्राइम ब्रँचमध्ये आहे. मुली पळवून विकणाऱ्या टोळीच्या ती मागे लागते, कारण ते तिचं काम आहे. तरी नाव बघा, 'मर्दानी'! बाईच्या धाडसाला माप अजून मर्दाचंच. आणि शेवटी ही पोलीसबाईसुद्धा टोळीच्या म्होरक्याला कोर्टात नेत नाही; मुलींच्या हवाली करते, त्या त्याला मारून टाकतात. टाळ्या पडतात खऱ्या, पण आमच्यातली जी पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्या म्हणून तासन् तास बसली, तिच्या काय कामाचं ते?

आमच्या बायकांना सगळ्यात जवळची वाटली ती २०१९ची 'हिरकणी'. प्रसाद ओक यांचं दिग्दर्शन, सोनाली कुलकर्णीचं काम. गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली. गडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री रायगडाचा कडा उतरणारी गवळण. सूड नाही, तलवारही नाही, कड्याशीच झुंज. बाळ शेजारणीकडे ठेवून पहाटे वाशीच्या मार्केटला भाजी निवडायला जाणाऱ्या आमच्या एका ताईने तो तीनदा पाहिलाय.

मे महिन्याच्या सुट्टीत वस्तीतल्या मुलींना 'हिरकणी' दाखवायचं ठरलं आहे. 'अमर ज्योती'ही दाखवा, असं त्या तारखांना जाणाऱ्या बायकांचं म्हणणं आहे. तो हिंदीत आहे, मुलींना कळेल.