घोड्याच्या मुतखड्यावरील नवी शस्त्रक्रिया

मुतखड्याच्या वेदना ज्यांनीं भोगल्या त्यांस त्यांचें वर्णन सांगावयास नको. परंतु हेंच दुखणें घोड्यालाही होतें, आणि त्याला तोंड असून सांगतां येत नाहीं. दौडीनंतर लघवी लाल होणें, वारंवार पाय फांकून उभें राहणें, कुंथूनही थेंब थेंबच गळणें, ही त्याची भाषा.

घोड्याची लघवी निरोगीपणींही गढूळच असते. चाऱ्यांतला जास्तीचा चुना तो मूत्रावाटें टाकतो, आणि मूत्र क्षारधर्मी असल्यामुळें तो चुना त्यांत विरघळून राहत नाहीं. मूत्राशयांत त्याचाच खडा जमतो. शाळेंत संगमरवराच्या तुकड्यावर आम्ल टाकून फेस पाहिलेला आपणांस आठवेल. हा खडा मुख्यतः त्याच द्रव्याचा असतो. बहुधा पिवळट, काटेरी, आणि कधीं कधीं मुठीपेक्षांही मोठा! घोडीचा मूत्रमार्ग आंखूड व रुंद, म्हणून लहान खडे आपोआप पडून जातात. घोड्याचा मार्ग अडीच-तीन फूट लांब व अरुंद. सारी अडचण तेथेंच आहे.

सुश्रुतानें माणसाची अश्मरी शस्त्रानें काढण्यापूर्वीं राजाची अनुज्ञा घ्यावी असें सांगितलें आहे, इतकी ती क्रिया जोखमीची. १८२४ सालीं पॅरिसमध्यें सिव्हिआल या शस्त्रवैद्यानें पोट न चिरतां, मूत्रमार्गांतून हत्यार घालून, माणसाचा खडा आंतच फोडला. तेंच तत्त्व आतां घोड्याच्या उपयोगीं पडत आहे.

जुन्या रीतीनें घोड्याला पूर्ण भूल देऊन उताणा पाडतात व पोट उघडतात. माझ्या समजुतीप्रमाणें खरें भय सुरीचें नसून भुलेचें आहे. साडेचारशें-पांचशें किलो वजनाचा प्राणी आडवा पडला कीं त्याच्याच भारानें स्नायू व फुप्फुसें दडपतात. आणि शुद्धीवर येतांना तो घाबरून धडपडतो, त्यांत पाय मोडतो. मोडल्या पायाचा घोडा बहुधा वांचत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, पोटशुळाचीं जनावरें वगळूनही, भूल दिलेल्या दर शंभर घोड्यांत सुमारें एक दगावल्याचें दिसलें.

नव्या रीतींत घोडा उभाच असतो. त्याला लोखंडी कठड्यांत बांधून गुंगीचें औषध देतात, शेपटीच्या मुळाशीं सुई टोंचून मागचा भाग बधिर करतात. मग मूत्रमार्गांतून, किंवा गुदद्वाराखालीं लहानसें छिद्र पाडून, बारीक दुर्बीण आंत सरकवितात. तिच्यांतून केसासारख्या तंतूवाटें लेसर किरण खड्यावर सोडतात. खडा फुटला कीं तुकडे चिमट्यानें वेंचावयाचे, उरलेली रेती पाण्यानें धुवावयाची. छिद्र बहुधा शिवीत नाहींत. तें कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतें.

मात्र हा मार्ग सर्वच घोड्यांना लागू नाहीं. मोठा खडा फोडावयास तास-दोन तास जातात, कधीं पुन्हां दुसरी बैठक लागते. धारदार कपच्या मूत्राशयाला बोंचतात, आणि मागें राहिलेल्या कणाभोंवतीं नवा खडा जमतो. यंत्रही महागडें. म्हणून फार मोठ्या खड्यासाठीं अनुभवी शस्त्रवैद्य अद्यापि पोट उघडणेंच पसंत करतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं.

घरीं आणल्यावर धन्यानें लसूणघास बंद करावा, कारण त्यांत चुना फार. साधें गवत घालावें, पाणी भरपूर पाजावें, आणि वैद्य सांगेल तेव्हां पुन्हां एकदां दुर्बिणीनें मूत्राशय तपासून घ्यावें.