पंधरा फुटांवरची परीक्षा

घड्याळ थांबलेलं, अंगावर येणारं कोणी नाही, समोर 10 फूट उंचीवर बास्केट. बास्केटबॉलच्या धावपळीत निवांतपणा मिळतो तो फ्री थ्रोला, आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते तीही इथेच.

चेंडू बास्केटकडे फेकणाऱ्याच्या हातावर फटका मारला किंवा त्याला धक्का दिला, की फाउल. नेम हुकला असेल तर दोन फ्री थ्रो, तीन गुणांच्या रेषेबाहेरून हुकला असेल तर तीन. फाउल होऊनही बास्केट झाली, तर ते गुण कायम आणि वर एक फ्री थ्रो. प्रत्येकाचा एक गुण.

अंतर बोर्डापासून 15 फूट. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये फेकायला वेळ 10 सेकंद, आंतरराष्ट्रीय नियमांत 5.

एनबीएतल्या धिप्पाड शकील ओनीलला इथे जेमतेम 52.7 टक्के यश मिळालं. म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाउल करत. सोप्या दोन गुणांपेक्षा ते परवडायचं! मिलवॉकी संघाच्या यानिस आंतेतोकुंपोचंही 2021मध्ये तेच दुखणं. परक्या मैदानांवर प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजून त्याला डिवचायचे. एनबीएच्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात मात्र त्याने 19पैकी 17 फ्री थ्रो साधले, 50 गुण काढले आणि मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं.

एनबीएतलाच रिक बॅरी मात्र दोन्ही हातांनी, खालून चेंडू सोडायचा. यश जवळपास 90 टक्के. विल्ट चेंबरलेनने 1962मध्ये एका सामन्यात 100 गुण काढले तेव्हा तोही असाच फेकत होता: 32पैकी 28. पुढे त्याने ती पद्धत सोडली, कारण काय, तर ती बायकी दिसते!