मीठ, पाणी आणि वजनाचा कांटा

“नुसतें पाणी प्यालें तरी माझ्या अंगाला लागतें!” हें वाक्य कधीं कानांवर पडलें नाहीं असें घर विरळा. बोलणाऱ्या बाईचा सूर विनोदाचा असतो. परंतु पुष्कळदां त्यामागें खराच समज दडलेला असतो, आणि त्या समजापायीं कित्येक भगिनी ऐन उन्हाळ्यांतसुद्धां घोट-घोट पाण्यावर दिवस काढतात. उलटपक्षीं, “मीठ सोडलें आणि आठ दिवसांत दोन किलो उतरले,” असें अभिमानानें सांगणारेही भेटतात. पाण्यानें माणूस लठ्ठ होतो काय, आणि मीठ सोडल्यानें रोड होतो काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. मला हा विषय केवळ जिज्ञासेनें सुचलेला नाहीं. त्याचें कारण घरांतच घडलें.

दोन वर्षांमागें दिवाळींत आमच्या मातोश्रींचें वजन पांच दिवसांत तीन किलोंनीं वाढलें. त्यांचें वय तेव्हां सत्त्याहत्तर. अंगकाठी मुळचीच किरकोळ. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. मुलांनीं हौसेनें वजनकांटा आणलेला, म्हणून रोज सकाळीं सर्वांचीं वजनें होत. आजीचा आंकडा चढतांना पाहून आम्हां सर्वांस आनंदच झाला. “सासूबाईंना यंदा फराळ मानवला,” असें वहिनी म्हणाल्या, आणि मींही मान डोलावली. पाडव्याच्या रात्रीं मात्र त्यांना आडवें पडवेना. सारी रात्र त्या उशीला टेकून बसून राहिल्या. सकाळीं डॉक्टर आले. त्यांनीं नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. “हें मांस नव्हे, पाणी आहे. हृदय थकलें आहे,” असें ते म्हणाले. आम्ही ज्याला अंग भरणें समजलों, तें दुखणें होतें.

हें पाणी अंगांत कां सांचतें, तें समजून घेणें कठीण नाहीं. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारें निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. त्यांपैकीं जें पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तांत व पेशींच्या सभोंवतीं असतें, तें खारें आहे. रोग्यास शिरेंतून जें सलाईन देतात त्यांत दर लिटरास ९ ग्रॅम मीठ असतें. आपल्या अंगांतील खारटपणाशीं तें मिळतेंजुळतें असावें म्हणूनच हें प्रमाण ठरविलेलें आहे. शरीर हा खारटपणा मोठ्या कसोशीनें सांभाळतें. पोटांत मीठ अधिक गेलें कीं तहान लागते आणि मूत्रपिंडें पाणी राखून धरतात. ढोबळ हिशेब असा कीं, ९ ग्रॅम मीठ अंगांत अडकलें तर त्याबरोबर सुमारें एक लिटर पाणी अडकतें. आणि एक लिटर पाण्याचें वजन एक किलो! लग्नाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीं बोटांतली अंगठी घट्ट होते, ती बहुधा ह्यामुळेंच. मूत्रपिंडें निरोगी असलीं म्हणजे हें जास्तीचें मीठ व पाणी कांहीं दिवसांत बाहेर पडतें आणि कांटा पूर्वस्थळीं येतो. हृदय किंवा मूत्रपिंडें थकलेलीं असलीं तर तें सांचतच जातें.

आतां चरबीचा हिशेब पाहा. एक किलो चरबी चढण्यास खर्चापेक्षां सुमारें ७,००० उष्मांक अधिक खावे लागतात. सामान्य गृहिणीचा दिवसाचा आहार २,००० उष्मांकांच्या आसपास असतो. म्हणजे एका रात्रींत एक किलो चरबी चढावयाची, तर नेहमींच्या जेवणाखेरीज आणखी साडेतीन दिवसांचें अन्न एकाच दिवशीं गिळावें लागेल. मिठांत आणि पाण्यांत तर उष्मांक मुळींच नाहींत. सबब, रात्रींतून चढलेला किंवा उतरलेला किलो हा पाण्याचा, चरबीचा नव्हे. एकादशी खरोखर कडक केली तर द्वादशीस कांटा खालीं येतो, त्याचेंही रहस्य हेंच. यकृतांत व स्नायूंत सांठविलेली पिष्टमय शिदोरी उपवासांत खर्च होते, आणि तिच्या दर ग्रॅमाबरोबर बांधलेलें सुमारें तीन ग्रॅम पाणीही निघून जातें. पारणें झालें कीं तें परत येतें. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ह्या पंथाच्या लोकांस तर हाही लाभ नाहीं.

अळणी आहाराचा एक फार प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंत झाला, आणि तोही भातावर. जर्मनीहून तेथें गेलेले डॉ. वॉल्टर केम्पनर ह्यांनीं नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठांत १९३९ पासून कांहीं रोग्यांस केवळ भात, फळें, फळांचे रस व साखर ह्यांवर ठेवण्यास प्रारंभ केला. मीठ जवळजवळ नाहींच. रक्तदाबावर खात्रीचें औषध त्या काळीं नव्हतें. ह्या आहारानें पुष्कळांचा रक्तदाब उतरला, फुगलेल्या हृदयाचा आकार कमी झाला, सूज ओसरली. सूज ओसरली म्हणजे वजनही झपाट्यानें उतरणारच. पण तें पाण्याचें वजन. पुढें केम्पनर ह्यांनीं हाच आहार स्थूलतेवर योजिला, आणि १९७५ सालीं १०६ अतिस्थूल रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचें वजन सरासरी ६० किलोंहून अधिक उतरलें होतें! परंतु तें मुख्यतः मोजक्या उष्मांकांनीं, व्यायामानें आणि वैद्यांच्या सतत देखरेखीखालीं उतरलेलें. निवळ अळणीपणाचें तें फळ नव्हे. ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये.

मग मीठ आणि लठ्ठपणा ह्यांचा संबंधच नाहीं काय? आहे, पण तो आडवाटेनें. खारट पदार्थ जिभेला चेतवितात. एक पापड, मूठभर चिवडा म्हणतां म्हणतां तेल आणि पीठ पोटांत किती गेलें ह्याचा पत्ता लागत नाहीं. त्यावर लागलेली तहान साध्या पाण्याऐवजीं सरबतानें किंवा बाटलींतल्या गोड पेयानें भागविली, तर साखर मात्र खरोखर अंगाला लागते.

पाण्यावरील आरोप तर सर्वस्वीं खोटा आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनियांत ५५ ते ७५ वर्षांच्या ४८ स्थूल स्त्रीपुरुषांस बारा आठवडे मोजका आहार दिला. त्यांपैकीं निम्म्यांस प्रत्येक मुख्य जेवणापूर्वीं अर्धा लिटर पाणी प्यावयास सांगितलें होतें. त्यांचें वजन इतरांपेक्षां सुमारें दोन किलो अधिक उतरलें, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. पोट आधींच थोडें भरल्यानें घास कमी जातात, इतकाच त्याचा अर्थ. तथापि अति तेथें माती. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्यें तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकीं १३ टक्क्यांच्या रक्तांतील सोडियम उणें झालेलें आढळलें. धावतांना वाजवीपेक्षां अधिक पाणी पिऊन ज्यांचें वजन वाढलें, त्यांच्यांत हें विशेष दिसलें. ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे त्यांनीं तर पाण्याचें माप डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच ठरवावें.

मीठ कमी करावयाचें तें रोड होण्यासाठीं नव्हे, रक्तदाबासाठीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक चमचाही भरावयास नको. आपल्या देशांत तें सरासरीनें ८ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पोटांत जातें. सैंधव घेतलें म्हणजे सूट मिळते असें नाहीं. तेंही बहुतांशीं तेंच मीठ. बाजारांत मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठांत पोटॅशियम असतें. मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं आणि रक्तदाबाचीं कांहीं औषधें घेणारांनीं तें वैद्यास विचारल्याशिवाय वापरूं नये.

आमच्या घरीं प्रश्न निराळाच उभा राहिला. अकरा माणसांच्या पंगतींत एकटीनेंच अळणी जेवावें, हें मातोश्रींस रुचेना. “मला आजाऱ्याचें ताट नको,” असें म्हणून त्यांनीं दोन दिवस अन्न टाकल्यासारखेंच केलें. शेवटीं वहिनींनीं तोडगा काढिला. आमटी-भाजींत सर्वांसाठींच मीठ निम्मे पडूं लागलें. लोणचें व पापड रोजच्या ताटांतून उठून सणावारापुरते राहिले. लिंबू, आमसूल, आलें, जिरें आणि कोथिंबीर ह्यांचा हात सैल झाला. पहिले पंधरा दिवस मुलांनीं तोंडें वांकडीं केलीं. दोन महिन्यांनीं तींच मुलें बाहेरची आमटी खारट लागते म्हणून तक्रार करूं लागलीं.

मातोश्री आज ऐंशीव्या वर्षांत आहेत. रोज सकाळीं लघुशंकेनंतर आणि चहापूर्वीं, शक्यतों सारख्याच वजनाच्या वस्त्रांत, त्यांचें वजन होतें आणि नात तें दिनदर्शिकेवर मांडते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तत्काळ कळवावें, अशी डॉक्टरांची आज्ञा आहे. आजवर दोनदां असें झालें, आणि दोन्ही वेळां दम लागण्यापूर्वींच औषधाची मात्रा बदलून काम भागलें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत त्यांना एवढीच विनंती, कीं त्यांचें वजन एकाएकीं वाढलेलें दिसल्यास संतोष मानण्यापूर्वीं एकदां त्यांच्या पावलांकडे पाहावें.