आकाशातून भूमापन

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लँडर्स या वाळवंटी गावाजवळ २८ जून १९९२ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. भूमी दुभंगली आणि भेगेच्या दोन्ही बाजू काही ठिकाणी कित्येक मीटर सरकल्या. एवढा फरक कोणासही दिसेल. परंतु भेगेपासून दूर जी जमीन केवळ बोटभर सरकली, तिचा पत्ता कसा लागावा? प्रत्येक टेकडीवर मोजणीदार पाठविणे तर अशक्यच होते.

हे काम सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका युरोपीय उपग्रहाने केले. त्यावर रडार होते. रडार जमिनीकडे रेडिओतरंग सोडते व तेथून परतलेले तरंग टिपून घेते. त्यास ना रात्रीची अडचण, ना ढगांची! शिवाय परतलेला तरंग उंचवट्यावर आहे की खोलगटीत, याचीही ते नोंद ठेवते; खरी किमया आहे ती येथे. या उपग्रहाच्या तरंगाची लांबी सुमारे ५६ मिलिमीटर होती. तरंगाला जाऊन परत यावयाचे असते. म्हणून जमीन उपग्रहापासून २८ मिलिमीटर दूर गेली की त्याचा प्रवास बरोबर एका तरंगाने वाढतो. भूकंपापूर्वीची व नंतरची नोंद ताडून पाहताच नकाशावर पाण्यातील वलयांसारखे पट्टे उमटले. प्रत्येक पट्टा म्हणजे २८ मिलिमीटरांचा फरक! फ्रेंच शास्त्रज्ञ दिदिए मासोने व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली हा नकाशा प्रसिद्ध केला.

मात्र उपग्रह दुसऱ्या खेपेस नेमका त्याच बिंदूवरून जात नाही. त्यामुळे डोंगरांच्या उंचीचेही पट्टे उमटतात आणि ते आधी वजा करावे लागतात. उलट, याच पट्ट्यांवरून उंची मोजताही येते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या यानाने ६० मीटर लांब दांड्याच्या टोकास दुसरा अँटेना लावून, जणू दोन डोळ्यांनी, पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची ११ दिवसांत मोजली.

भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. तो दर १२ दिवसांनी पूर्वीच्याच मार्गावर येतो. भूकंप केव्हा होणार, हे त्यालाही सांगता येणार नाही. परंतु हळूहळू घसरणारा डोंगरउतार, फुगणारा ज्वालामुखी किंवा पाण्याच्या उपशामुळे खचणारे शहर त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. मेक्सिको शहर असेच खचत आहे. तेथे १९१० साली उभारलेला स्वातंत्र्यस्तंभ भक्कम पायावर जागच्या जागी राहिला आणि भोवतालची जमीन मात्र खाली गेली. त्यामुळे त्याच्या पायथ्याशी पुढे आणखी १४ पायऱ्या बांधाव्या लागल्या.