खो कोणाला मिळतो?

बारामती तालुक्यातील पणदरे हे कालव्याच्या पाण्यावरचे, ऊसपट्ट्यातले गाव. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या भागात येतात. कोप्यांवरची काही मुले हंगामापुरती इथल्या शाळांत बसतात. मार्च-एप्रिलमध्ये ती परत जातात. एवढ्या चार-पाच महिन्यांत त्यांची वर्गाशी ओळख व्हायची कशी?

‘मुलांना एकत्र खेळू द्या, आपोआप मिसळतील,’ असे आपण सहज म्हणतो. हे कितपत खरे आहे?

1954 साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एक प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट शिबिरात वेगवेगळे ठेवले. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच असे बक्षिसांचे सामने लावले. प्रत्येक गटातली एकी वाढली खरी, पण दुसऱ्या गटाशी शिवीगाळ सुरू झाली, झेंडे जाळले गेले. नुसते एकत्र जेवायला बसवून हे मिटले नाही. पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडकला, अशा वेळी सर्वांना मिळून काम करावे लागले, तेव्हा वैर ओसरत गेले. ट्रक ओढायला वापरला तो रस्सीखेचीचाच दोर!

म्हणजे खेळ जोडतो तसा तोडतोही. गावठाण विरुद्ध वस्ती, किंवा गाव विरुद्ध कोपी असे संघ पाडले, तर असलेली भिंत उंचच होईल. संघ मिसळून करावेत आणि दर आठवड्याला बदलावेत.

त्यासाठी खो-खो फार सोयीचा आहे. मोकळी जागा आणि दोन खांब पुरतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास या खेळाला नियमांत बसवले. ते नियमच पाहा. पाठलाग करणाऱ्याला धरलेली दिशा सोडून मधेच मागे वळता येत नाही, बसलेल्यांची रांग ओलांडता येत नाही. पळणारा मात्र रांगेतून कुठेही जातो. त्यामुळे एकटा कितीही चपळ असो, खो दिल्याशिवाय त्याचे चालत नाही. बसलेल्यालाही खो मिळेपर्यंत उठता येत नाही. दुसऱ्यावर विसंबणे, आपली पाळी येईपर्यंत सावध राहणे, वेळेवर जागा सोडणे, हे सारे या नियमांतच आले. फार बोलावेही लागत नाही. नव्या, बुजऱ्या मुलाला हे सोपे जाते.

तरीही एक अडचण उरते. खो कोणाला द्यायचा, हे देणारा ठरवतो. ओळखीच्यालाच खो मिळत राहिला, तर नवे मूल मैदानातही नुसते बसून राहते.

हे तपासायला एक सोपा उपाय करून पाहा. पाठलाग करणाऱ्या संघातल्या नऊ जणांची नावे वहीत लिहा. ज्याला खो मिळेल त्याच्या नावापुढे एक रेघ ओढा. रेघा मोजायचे काम दर वेळी वेगळ्या मुलांकडे द्या. खांबाजवळ बसणाऱ्याला आणि मध्ये बसणाऱ्याला मिळणाऱ्या संधी सारख्या नसतात, म्हणून प्रत्येक डावात बसायच्या जागा बदला. निष्कर्ष चार-पाच डावांनंतरच काढा.

एखाद्याच्या नावापुढे रेघाच नसतील, तर कोणाला दोष न देता आकडे संघासमोर ठेवा आणि ‘असे का झाले असेल?’ एवढेच विचारा. सरावात एक जादा नियमही घालता येतो: खो देताना त्या मुलाचे नाव घ्यायचे. खेळ थोडा मंदावेल, पण नव्या मुलाचे नाव साऱ्यांच्या तोंडी बसेल.

गाळप संपायच्या सुमारास पहिली आणि शेवटची वही शेजारी ठेवा. रेघा कशा बदलल्या, हे मुलांनाच शोधू द्या. गणिताच्या तासाला त्याचा स्तंभालेखही काढता येईल.